हँक गार्लंड : नॅशव्हिलच्या स्टुडिओत वाढलेला जॅझ गिटारवादक

पार्श्वभूमी

डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेतल्या गाण्यांच्या साप्ताहिक यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेले गाणे 1958 साली टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रित झाले होते. ‘रॉकिंग अराउंड द ख्रिसमस ट्री’ गायली तेव्हा ब्रेंडा ली तेरा वर्षांची होती. त्याच्या आदल्या वर्षी त्याच शहरात ‘जिंगल बेल रॉक’ झाले. नाताळ जवळ आला की मुंबई-पुण्यातल्या मॉलमध्येही ही दोन्ही गाणी वाजतात. दोन्हींत गिटार वाजवणाऱ्यांपैकी एक माणूस समान आहे : हँक गार्लंड. मूळ तबकड्यांच्या लेबलवर त्याचे नाव नाही, कारण स्टुडिओत वाजवणाऱ्यांची नावे तेव्हा छापतच नसत.

गेल्या काही वर्षांत गार्लंडविषयी पुन्हा लिहिले जाऊ लागले आहे. नव्याने त्याच्यापर्यंत पोचणारे बहुतेक जण दोनपैकी एका वाटेने येतात. कुणी एल्व्हिसच्या ‘लिट्ल सिस्टर’मधला गिटार कोणाचा हे शोधत येतो, तर कुणी एका भीषण मोटार अपघाताची आणि त्यानंतरच्या शॉक ट्रीटमेंटची कहाणी वाचून येतो. दुसऱ्या वाटेने आलेल्यांची अडचण अशी होते की त्या कहाणीपुढे संगीत मागे पडते. वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत या माणसाने कंट्री (अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांतून वर आलेले संगीत) आणि जॅझ यांचा जो मेळ घातला, तो समजून घ्यायचा तर 1955 ते 1961 या काळातले नॅशव्हिल पाहावे लागते.

त्याआधीचे थोडक्यात. कंट्री आणि जॅझ यांची गाठ गार्लंडने पहिल्यांदा मारली असे नाही. तीसच्या दशकात टेक्सास आणि ओक्लाहोमातल्या नृत्यगृहांत फिडल (म्हणजे व्हायोलिन), स्टील गिटार (तारांवर धातूची कांडी सरकवून वाजवायची) आणि ब्रास वाद्ये एकत्र येऊन स्विंग वाजत होते. त्यालाच पुढे वेस्टर्न स्विंग म्हणू लागले. विजेवर चालणारी गिटार जॅझमध्ये आघाडीवर आणणारा चार्ली ख्रिश्चनही ओक्लाहोमातच वाढला. तिकडे पॅरिसमध्ये जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट होता आणि त्याच्या तबकड्या अमेरिकेतल्या खेड्यांपर्यंत पोचत होत्या. रेडिओवर आणि 78 च्या तबकड्यांवर हे सगळे ऐकत वाढलेल्या पिढीला दोन्ही संगीत एकाच हाताने वाजवण्यात काही वावगे वाटत नव्हते. दुकानदारांच्या कप्प्यांना मात्र ते अडचणीचे होते आणि अजूनही आहे.

वॉल्टर लुईस गार्लंडचा जन्म 11 नोव्हेंबर 1930 रोजी दक्षिण कॅरोलायनातल्या काउपेन्स या छोट्या गावी झाला. चौदा-पंधराव्या वर्षीच एका फिरत्या कंट्री बँडच्या प्रमुखाने त्याला हेरले आणि नॅशव्हिलला नेले. वय लहान असल्यामुळे कायद्याने त्याला तिथे काम करता येईना, म्हणून त्याला घरी परत पाठवावे लागले. सोळा पूर्ण होताच तो पुन्हा आला आणि पुढली पंधरा वर्षे तिथेच राहिला. 1949 मध्ये त्याने ‘शुगरफूट रॅग’ हे वाद्यसंगीत ध्वनिमुद्रित केले. बोटांना वळण लागावे म्हणून तयार केलेला तो सराव होता. कंट्री गायक रेड फोलीने त्यावर शब्द गायले, ती तबकडी दहा लाखांवर खपली आणि विशीही न गाठलेल्या या मुलाला ‘शुगरफूट’ हे टोपणनाव चिकटले. आजही ती धून ऐकली की कळते, की फिडलवर वाजणाऱ्या जलद नाचाच्या धुनेतले सगळे स्वर हा पिकने (तारा छेडायच्या छोट्या चकतीने) एकेक करून, एकही न गाळता छेडतो आहे. ही सवय पुढच्या गोष्टींचे मूळ आहे, म्हणून इथेच नोंदवून ठेवतो.

नॅशव्हिलच्या स्टुडिओंची कामाची पद्धत माहीत नसेल तर गार्लंड कळत नाही. पन्नासच्या दशकाच्या मध्याला तिथे दोन भावांनी एका जुन्या घरामागे लष्करी बनावटीची पत्र्याची अर्धगोल शेड उभारून तिचा स्टुडिओ केला, 1957 मध्ये एका मोठ्या कंपनीने जवळच आपला स्वतंत्र स्टुडिओ बांधला, आणि पाहता पाहता शहरातली बरीचशी ध्वनिमुद्रणे मोजक्या डझन-दीड डझन वादकांकडे आली. एक सेशन तीन तासांचे. त्यात साधारण चार गाणी व्हायची. लिहिलेले स्वरलेखन जवळजवळ नसेच. गायक किंवा निर्माता गाणे एकदा ऐकवी, वादक कागदाच्या चिठोऱ्यावर कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचे) आकडे मांडत, सुरुवात कशी, मधला तुकडा कोणाचा हे जागेवर ठरे, आणि मग टेप सुरू. दिवसाला तीन-तीन, कधी चार सेशन. सकाळी कंट्री, दुपारी रॉक अँड रोल, संध्याकाळी एखादी भक्तिगीतांची तबकडी.

अशा कामाला जॅझची तालीमच लागते. न वाचता, न ठरवता, अनोळखी स्वरसंगतीवर दोन मिनिटांत नेमका आणि गायकाच्या आड न येणारा तुकडा सुचणे ही जॅझ वादकाची रोजची कसोटी. त्या काळी नॅशव्हिलच्या गाण्यांवर एक नेहमीचा आक्षेप घेतला जाई, की फिडल आणि स्टील गिटार बाजूला सारून ती गुळगुळीत केली गेली. त्या आक्षेपात तथ्य आहे. पण त्याच गुळगुळीत गाण्यांच्या पोटात जॅझच्या कॉर्ड, जॅझचा चालता बास आणि जॅझचे संयमी मौन शिरले, हे आक्षेप घेणारे सहसा सांगत नाहीत. पॅट्सी क्लाइनचे ‘आय फॉल टू पीसेस’ किंवा रॉय ऑर्बिसनचे ‘ओन्ली द लोनली’ (दोन्ही 1960) ऐकताना कान फक्त गिटारीकडे लावून पाहावा. गार्लंड दोन्हींत आहे, आणि दोन्हींत तो किती कमी वाजवतो हेच ऐकण्यासारखे आहे.

1955 मध्ये गिब्सन कंपनीने बर्डलँड नावाची गिटार बाजारात आणली. बिली बर्ड या दुसऱ्या कंट्री वादकाच्या आणि गार्लंडच्या सूचनांवरून ती बनली, आणि दोघांची आडनावे जोडून तिचे नाव ठेवले गेले. जॅझची मोठ्या पोटाची गिटार पातळ केली होती आणि तारांची लांबी कमी करून साडेतेवीस इंचांवर आणली होती. लांबी कमी झाली की पडदे जवळ येतात आणि डाव्या हाताला दूरवर ताणलेल्या कॉर्ड सहज धरता येतात. जॅझसाठी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वाद्यामागे दोन कंट्री वादकांची गरज होती, ही गोष्ट त्या काळाचे नेमके चित्र देते.

जून 1958 मध्ये सैन्यातून रजेवर आलेल्या एल्व्हिसने नॅशव्हिलमध्ये एक सेशन केले. तिथे मुख्य गिटार गार्लंडकडे आली. तेव्हापासून 1961 पर्यंत एल्व्हिसच्या नॅशव्हिलमधल्या ध्वनिमुद्रणांत तो वारंवार दिसतो. 25 मार्च 1961 च्या पर्ल हार्बरच्या मदतनिधी कार्यक्रमातही तो मंचावर होता. जून 1961 मध्ये ‘लिट्ल सिस्टर’ झाले. त्यातला खरखरीत, दातेरी गिटारतुकडा त्याने सहकाऱ्याकडून उसन्या घेतलेल्या फेंडर जॅझमास्टरवर वाजवला. आपल्या गोडव्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या वाद्याऐवजी गाण्याला साजेसे वाद्य मागून घेणे, हा स्टुडिओ वादकाचा खरा गुण.

कामाचे तास संपले की ही मंडळी प्रिंटर्स ॲलीत जमत. नावाप्रमाणे ती जुन्या छापखान्यांची गल्ली, पण तिथे रात्रीचे क्लब होते आणि त्यातल्या कॅरोसेल क्लबमध्ये स्टुडिओचे वादक स्वतःसाठी जॅझ वाजवत. याच शहरात कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला जेफरसन स्ट्रीट होता, जिथे जॅझ आणि ब्लूज यांची स्वतःची भरभराट चालली होती. दोन्ही ठिकाणे एकाच शहरात असली तरी मध्ये वर्णभेदाची भिंत होती. फेब्रुवारी 1960 मध्ये नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांनी दुकानांतल्या गोऱ्यांपुरत्या उपाहारगृहांत ठिय्या देऊन आंदोलन सुरू केले आणि मे महिन्यात काही ठिकाणची बंदी उठली. ज्या वर्षी गार्लंडने आपली जॅझची तबकडी केली ते हे वर्ष. कंट्री आणि जॅझ यांच्या मेळाविषयी लिहिताना ही भिंत वगळली, तर ते दोन शैलींचे निव्वळ प्रेमळ शेजारपण वाटू लागते, आणि ते खरे नाही.

1960 च्या उन्हाळ्यात घडामोडी वेगाने झाल्या. गार्लंडला जॅझ अल्बमसाठी व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचे वाद्य) वाजवणारा हवा होता. नॅशव्हिलमध्ये ते वाद्य दुर्मीळ. सॅक्सोफोनवादक बूट्स रँडॉल्फने इंडियानातला एक सतरा वर्षांचा मुलगा सुचवला, त्याचे नाव गॅरी बर्टन. बर्टन त्या उन्हाळ्यात नॅशव्हिलला आला, गार्लंडबरोबर क्लबमध्ये वाजवू लागला. जुलैमध्ये गिटारवादक आणि निर्माता चेट ॲटकिन्सच्या पुढाकाराने नॅशव्हिलच्या वादकांचा चमू न्यूपोर्ट जॅझ महोत्सवाला गेला. तिथे बाहेर जमलेल्या जमावाने दंगल केली, महोत्सव आटोपता घ्यावा लागला, आणि यांचा कार्यक्रम रद्द झाला. ध्वनिमुद्रणाची सामग्री आलेलीच होती. मग भाड्याने घेतलेल्या हवेलीच्या व्हरांड्यातच सगळ्यांनी वाजवले, आणि त्याची तबकडी निघाली. तिच्यात सुटीच्या दिवसाचा मोकळेपणा आहे. गार्लंडचे तेव्हाचे कौशल्य पाहायचे तर मात्र त्याच उन्हाळ्यातल्या दुसऱ्या तबकडीकडे वळावे लागते.

ती तबकडी म्हणजे ‘जॅझ विंड्स फ्रॉम अ न्यू डिरेक्शन’. गार्लंड, बर्टन, बासवर जो बेंजामिन आणि ड्रम्सवर जो मोरेलो. मोरेलो म्हणजे डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीचा तोच ड्रमर, जो 1958 मध्ये त्या चौकडीसोबत भारतात आला होता आणि मुंबईतही वाजवून गेला होता. चौघांत एकही गायक नाही, फिडल नाही, स्टील गिटार नाही. ‘मूव्ह’ हे बिबॉपच्या (चाळीसच्या दशकातल्या वेगवान, गुंतागुंतीच्या जॅझच्या) काळातले धावते वाद्यसंगीत, ‘ऑल द थिंग्ज यू आर’सारखे जॅझवाल्यांचे आवडते गाणे, तीन मात्रांच्या ठेक्यावर बांधलेला एक ब्लूज.

मग यात कंट्री कुठे, असा प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. सुरावट कंट्रीची नाही, ठेका नाही, विषय नाही. ते आहे उजव्या हातात. त्या काळातले बरेच जॅझ गिटारवादक सॅक्सोफोनसारखी सलग ओळ यावी म्हणून स्वर एकमेकांत मिसळत, काही स्वर पिकने न छेडता डाव्या हातानेच उमटवत. गार्लंड ‘मूव्ह’च्या वेगातही जवळजवळ प्रत्येक स्वर वेगळा छेडतो. ‘शुगरफूट रॅग’च्या सरावातली ती जुनी सवय इथे बिबॉपच्या ओळी वाजवते. त्यामुळे ओळीला कडा येतात, आणि व्हायब्राफोनच्या रेंगाळणाऱ्या नादासमोर त्या कडा उठून दिसतात. माझ्या मते हा मेळ कंट्रीच्या धुनेवर जॅझच्या कॉर्ड चढवण्यापेक्षा खोल आहे, कारण तो वरून लावलेला नाही, हातात मुरलेला आहे. पुढे जॅझ गिटारवादक जॉर्ज बेन्सननेही आपल्यावर या तबकडीचा परिणाम झाल्याचे सांगितले. कंट्रीच्या कप्प्यातला माणूस जॅझ वाजवतो म्हणून समीक्षकांनी तिच्याकडे आधी कुतूहलाने पाहिले. ती न्यूयॉर्कमधून आलेल्या कुणाची असती, तर गिटारच्या इतिहासात तिला फार आधी जागा मिळाली असती, असे मला ठामपणे वाटते.

8 सप्टेंबर 1961 रोजी टेनेसीतल्या स्प्रिंगफील्डजवळ गार्लंडच्या मोटारीला अपघात झाला. तो बाहेर फेकला गेला, डोक्याला जबर मार बसला, तो बेशुद्धीत गेला. शुद्धीवर आल्यानंतर चालणे, बोलणे, गिटार धरणे हे सगळे पुन्हा शिकावे लागले. त्यातले पहिले दोन बऱ्याच अंशी जमले. तिसरे स्टुडिओत बसण्याइतके पुन्हा कधी जमले नाही. वय होते तीस.

इथून पुढे वाद सुरू होतो. अपघातानंतर नॅशव्हिलमधल्या एका रुग्णालयात त्याला शॉक ट्रीटमेंटची मालिका दिली गेली. ती का दिली, कोणाच्या संमतीने, किती वेळा, आणि त्याची बोटे अपघाताने गेली की उपचाराने, यावर गेली सहा दशके दोन पक्ष आहेत. कुटुंबातल्या काहींचे म्हणणे असे की मेंदू सावरत असतानाच शॉक देऊन तो पार उद्ध्वस्त केला गेला. त्याही पुढे जाऊन एका नातेवाइकाने अपघात हा अपघातच नव्हता, संगीतव्यवसायातल्या कुणीतरी घडवून आणलेला घात होता, असा आरोप केला. तो आरोप कधी सिद्ध झाला नाही. तरी नंतरच्या लिखाणात तोच जास्त जागा खातो, आणि उपचाराचा गंभीर प्रश्न त्याच्या सावलीत जातो.

उपचाराचा निर्णय त्याच्या काळात ठेवून पाहायला हवा. माणसाच्या मेंदूतून वीज सोडून आकडी आणण्याचा प्रयोग 1938 मध्ये रोममध्ये झाला आणि दहा वर्षांच्या आत तो अमेरिकेत सर्रास होऊ लागला. तीव्र नैराश्य, उन्माद, रुग्ण दगडासारखा निश्चल होणे अशा अवस्थांत त्याचा गुण येई, आणि आजही भूल देऊन, स्नायू शिथिल करून तो दिला जातो. पन्नासच्या दशकात भूल आणि स्नायू शिथिल करणारी औषधे वापरात येऊ लागली होती, पण सगळीकडे सारखी नाही. डोक्याला मार बसलेला रुग्ण शुद्धीवर आल्यावर अनेकदा गोंधळलेला, चिडका, आक्रमक किंवा अगदी अबोल होतो. आज ही जखमी मेंदूची लक्षणे आहेत हे डॉक्टरांना ठाऊक असते. तेव्हा अशा रुग्णाची रवानगी मनोरुग्ण कक्षात होणे नवलाचे नव्हते. डोक्याचा सीटी स्कॅन पहिल्यांदा केला गेला 1971 मध्ये, लंडनला. म्हणजे 1961 मधल्या डॉक्टरांना कवटीच्या आत कुठे सूज आहे, कुठे रक्त साकळले आहे, हे आजच्यासारखे पाहायची सोयच नव्हती. जे दिसत होते ते वागणे, आणि वागण्यावर हाताशी असलेला उपाय म्हणजे शॉक.

एवढे सांगूनही मी तो निर्णय योग्य ठरवू शकत नाही. मेंदूला ताजी इजा असताना मुद्दाम आकडी आणणे धोक्याचे असते. मार लागलेल्या मेंदूला आपोआप आकड्या येऊ नयेत म्हणून तर डॉक्टर धडपडतात. ज्याची सारी उपजीविका बोटांच्या आणि कानाच्या सूक्ष्म मेळावर आहे, त्याच्या बाबतीत तर दहादा विचार व्हायला हवा होता.

पण सगळे खापर शॉकवर फोडणाऱ्यांनाही एक गोष्ट अडते. शॉकमुळे जाते ती प्रामुख्याने आठवण : उपचाराच्या आसपासचे आठवडे-महिने, घडलेल्या घटना, भेटलेली माणसे. सायकल चालवणे, वाद्य वाजवणे अशी अंगात मुरलेली कौशल्ये त्यातून सहसा टिकतात. बोटांचा वेग, दोन्ही हातांचा मेळ, तोल या गोष्टी बिघडण्यामागे डोक्यावरचा आघात हे जास्त संभाव्य कारण आहे. गार्लंडच्या बाबतीत दोन्ही एकापाठोपाठ झाले, त्यामुळे कोणाचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही. शॉकने बरे होण्याची वाट अवघड केली असणे पूर्ण शक्य आहे. शॉक दिलेच नसते तर तो पुन्हा ‘मूव्ह’ वाजवू शकला असता, असे मात्र म्हणवत नाही. त्याच्या चाहत्यांना हे ऐकायला आवडत नाही, कारण रस्त्यावर झालेल्या आघातापेक्षा माणसाने घेतलेल्या निर्णयावर रागावणे सोपे जाते.

नंतरची वर्षे त्याने मुख्यतः दक्षिण कॅरोलायनात आणि फ्लॉरिडात नातेवाइकांसोबत काढली. सत्तरच्या दशकात नॅशव्हिलच्या एका मेळाव्यात तो मंचावर आला आणि ‘शुगरफूट रॅग’ वाजवली. 27 डिसेंबर 2004 रोजी फ्लॉरिडातल्या ऑरेंज पार्क येथे जंतुसंसर्गाने त्याचे निधन झाले, तेव्हा तो 74 वर्षांचा होता. त्यानंतर काही वर्षांतच त्याच्या आयुष्यावर चित्रपट निघाला, आणि साहजिकच त्यात अपघात, रुग्णालय आणि घात यांना महत्त्व आले. आज त्याचे नाव शोधणाऱ्याला आधी तीच कथा सापडते.

संगीताचा धागा दुसरीकडून पुढे गेला. सतराव्या वर्षी गार्लंडकडे आलेल्या गॅरी बर्टनने 1966 मध्ये नॅशव्हिलला परत येऊन कंट्रीचे वादक आणि जॅझचे वादक एकत्र बसवून ‘टेनेसी फायरबर्ड’ केली. तिच्यात स्टील गिटार आणि माउथ ऑर्गन यांच्या जोडीला रॉय हेन्ससारखा जॅझ ड्रमर आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या त्याच्या ‘डस्टर’कडे जॅझ-रॉकच्या सुरुवातीच्या तबकड्यांपैकी एक म्हणून पाहिले जाते. जॅझ-रॉकचा इतिहास लिहिताना साठच्या दशकाच्या अखेरचे न्यूयॉर्क हा आरंभबिंदू धरण्याची पद्धत आहे. बर्टनची पहिली व्यावसायिक तालीम कंट्रीच्या राजधानीत, एका कंट्री गिटारवादकाच्या शेजारी झाली, हे त्या इतिहासात तळटीपेत जाते. ते मुख्य मजकुरात यायला हवे.

श्रेयाचा प्रश्नही सुटलेला नाही. सेशनचे ठरावीक मानधन मिळाले की वादकाचा गाण्यावरचा हक्क संपे, तबकडी हजार खपो की कोटी. ‘जिंगल बेल रॉक’च्या बाबतीत गायक बॉबी हेल्म्स आणि गार्लंड या दोघांचेही म्हणणे होते, की हाती आलेले गाणे त्यांनी बरेच बदलले आणि त्यात नवा भाग घातला. पण गीतकार-संगीतकार म्हणून आजही दुसऱ्याच दोघांची नावे नोंदलेली आहेत, आणि दर नाताळात त्या गाण्याचे मानधन त्या नोंदीप्रमाणेच जाते.

2001 मध्ये, तो हयात असतानाच, ‘मूव्ह!’ या नावाने दोन सीडींचा संच निघाला आणि 1960 ते 1962 दरम्यान आलेले त्याचे तीन अल्बम एकत्र उपलब्ध झाले. त्यांतला ‘व्हेल्व्हेट गिटार’ मवाळ आहे, बाजाराला साजेल असा. ‘द अनफर्गेटेबल गिटार’ अपघातानंतर बाजारात आला. नव्याने ऐकणाऱ्याने ‘जॅझ विंड्स’पासून सुरुवात करावी, मग लगेच 1949 ची ‘शुगरफूट रॅग’ लावावी, आणि दोन्हींमधला उजवा हात ऐकावा.